मानपत्रातलं एक वाक्य

मला मानपत्रं लिहिता येतात. मिरवावी अशी ही कला नाही, पण लुडविग्सहाफेनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसांत ती दुसऱ्या कुणाला येत नाही, एवढं खरं. इथल्या मंडळाचा मी बारा वर्षं सेक्रेटरी आहे. कुणी कंपनीतून निवृत्त झालं, कुणी कायमचं पुण्याला परत निघालं, कुणाच्या पोरानं शाळेत नाव काढलं, की फोन येतो: सेक्रेटरीसाहेब, चार ओळी लिहून द्या. मी चाळीस देतो. आयुष्यभर एकाच रिअ‍ॅक्टरचं तापमान बघत बसलेल्या माणसालाही मी धुरा सांभाळायला लावतो, दीपस्तंभ करतो आणि वर पुढच्या पिढ्या त्याच्या ऋणात ठेवतो. ज्यांच्याबद्दल मनात काडीचाही आदर नाही त्यांची मानपत्रं जास्त चांगली उतरतात, हे फार लवकर माझ्या लक्षात आलं होतं.

त्यातलं सगळ्यांत चांगलं उतरलेलं मानपत्र एका ब्राझिलियन म्हाताऱ्याचं. तो आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. त्याची मुलगी इथे नर्स आहे, चाळिशीची, एकटी. आई वारल्यावर तिनं बापाला इकडे आणलं. जाड मिशा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. पहिलं वर्षभर मी त्याला निवृत्त बस ड्रायव्हर समजत होतो आणि जिन्यात भेटला तर मान हलवून पुढे जात होतो. हा माणूस त्याच्या देशातल्या एका राज्यात मंत्री होता हे मला कळलं ते हीटिंग बंद पडल्यावर.

त्या थंडीत इमारतीचं हीटिंग बंद पडलं आणि इमारत सांभाळणारी हाउसफेरवाल्टुंग कंपनी काही दाद देईना. मी सहा ईमेल लिहिले. नियमांचे आकडे घातले, थर्मामीटरचे फोटो जोडले. उत्तर नाही. म्हाताऱ्यानं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये एकेक दार वाजवायला सुरुवात केली. आमच्याकडेही आला. हीटिंगचं नाव काढलं नाही. आज काय शिजवलंय, विचारलं. बायको म्हणाली वरण, तर वरण म्हणजे काय ते समजून घेतलं. माझी आई पुण्याहून आली की तिला बसायला म्हणून आणलेल्या खुर्चीत, बसा म्हटल्याशिवाय बसला नाही. मग तीन प्रश्न विचारले: घरात सगळ्यांत जास्त थंडी कुणाला वाजते, कोणत्या खोलीत, आणि तुम्ही आत्तापर्यंत काय केलंत. खिशातल्या वहीत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि बरोबर आहे ना विचारून निघून गेला. आठवड्यात त्यानं चोवीस दारं केली. नवव्या दिवशी तो आणि चौदा बाया त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसल्या, आणि संध्याकाळी रेडिएटर तापले.

सगळ्यांनी त्याचे आभार मानले, तेव्हा त्याच्या मुलीनं अभिमानानं सांगितलं की बाबा तिकडे मंत्री होते. माझे सहा ईमेल कुणालाच आठवले नाहीत. माझ्या पोटात दुखलं, हे मी सरळ सांगून टाकतो.

नंतर माझ्या बायकोनं त्याला गणपतीला बोलावलं, आणि तो मंडळाचाच झाला. हॉलच्या खुर्च्या लावायचा, मिटिंगमध्ये कुणी कुणाचं बोलणं तोडलं की नुसता हात वर करायचा आणि लोक गप्प व्हायचे. इतकी वर्षं मी त्या मिटिंगांत "शांतता, शांतता" म्हणून ओरडत आलो होतो. आमचा खजिनदार, कोथरूडचा, नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, तो तर त्याला मंत्रीसाहेबच म्हणायला लागला.

इथे आता त्या बायराटचं सांगायला हवं. आमच्या गावात परदेशी नागरिकांचं एक सल्लागार मंडळ असतं, त्याला बायराट म्हणतात. दर काही वर्षांनी त्याची निवडणूक होते आणि जर्मन पासपोर्ट नसलेल्यांनाही त्यात मत असतं. बायराटला अधिकार म्हणाल तर शून्य. त्यांनी नगरपालिकेला सल्ला द्यायचा आणि नगरपालिकेनं तो ऐकून घ्यायचा. पण एक लांबट टेबल असतं, समोर माइक असतो, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या नावाची पाटी असते. मला ती पाटी हवी होती.

हसू नका. चौदा वर्षं मी एकाच लॅबमध्ये आहे. ग्रुपलायटरची, म्हणजे गटप्रमुखाची, जागा रिकामी झाली तेव्हा ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान मुलाला मिळाली, ज्याला मी पिपेट धरायला शिकवलं होतं. तेही गिळलं असतं. पण माझी लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती, मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी, आणि एकदा शाळेच्या पालकसभेचं पत्र आणून तिनं ते माझ्यासमोरून उचलून आईपुढे ठेवलं. "मम्माच येऊ दे," म्हणाली. का, विचारलं तर खांदे उडवले. मी तिथे उठून प्रश्न विचारतो, माझ्या जर्मनला पोरं हसतात, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. मला वाटलं, नगरपालिकेच्या सभागृहात माझ्या नावाच्या पाटीमागे मला बसलेलं तिनं एकदा बघावं.

गावातल्या परदेशी लोकांनी मिळून एकच यादी करायची ठरली: आम्ही, बेकरीवाली तुर्की बाई, एक सीरियन न्हावी, रुमानियन, आणि म्हातारा. यादीत पहिलं नाव ज्याचं तो नक्की निवडून येणार. दुसऱ्याचं काही खरं नाही. आणि पहिलं नाव कुणाचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तुर्की बाई म्हणाली, अर्थात त्यांचंच. खजिनदार मला म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही दुसरे. मंत्रीसाहेब आहेत म्हटल्यावर आपल्याला काही टेन्शनच नाही."

सुरुवातीला माझ्या मनात पाप नव्हतं असं लिहायला आवडलं असतं. होतं. पण ते लहान होतं. आपल्याकडे माणसाला सन्मानानं बाजूला करायची एक जुनी रीत आहे, त्याचा सत्कार करायचा. एकदा का माणसाच्या खांद्यावर शाल पडली, 'ज्येष्ठ' म्हणून त्याची आरती ओवाळली, की त्यानं पुन्हा उमेदवार म्हणून उभं राहणं त्याचं त्यालाच बरं दिसत नाही. मी कमिटीत सुचवलं की या गणपतीत म्हाताऱ्याचा सत्कार करू, यादीतल्या सगळ्यांना बोलावू. यादीचा क्रम सत्कारानंतरच्या रविवारी पक्का व्हायचा होता. सगळ्यांना कल्पना फार आवडली. मानपत्र अर्थातच माझ्याकडे आलं.

त्यासाठी मी तीन दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. मुलगी ड्यूटीवर असायची. तो कापडी गाळणीतून काळी कॉफी गाळायचा आणि बोलायचा, मी लिहून घ्यायचो. जर्मन दोघांचीही परकी, त्यामुळे वाक्यं लहान आणि सगळं स्पष्ट.

तो जमीन मोजणी खात्यात साखळी ओढणारा होता. शहराच्या पाणीसाठ्यावर एक उघडी टेकडी होती. गावाकडून आलेली माणसं तिथे पत्रे टाकून राहायला लागली, तेव्हा सुटीच्या दिवशी हा जाऊन त्यांना प्लॉट आखून द्यायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीला गाठी मारून त्यानं माप केलं होतं, म्हणजे कुणाला जास्त नको आणि कुणाला कमी नको. एक टोक हा धरायचा आणि दुसरं टोक एक वीटभट्टीवाला धरायचा, कायम तोच. त्या टेकडीनं त्याला नगरसेवक केलं. मग डाव्या पक्षाकडून दोनदा राज्याच्या विधानसभेत. टेकडीवर शाळा आणली, नळ आणले. त्याची बायको त्या शाळेत पहिली शिक्षिका. पक्ष राज्यात सत्तेवर आला तेव्हा हा गृहनिर्माण खात्याचा मंत्री झाला. "आमच्याकडे त्याला सेक्रेटरी म्हणतात," तो म्हणाला. मी म्हणालो, मीही सेक्रेटरीच. तो मनापासून हसला. त्याला मी आवडत होतो.

तिसऱ्या दुपारी मी विचारलं, मग सोडलं का?

तो उठून गाळणी धुवायला लागला. पाठ माझ्याकडे ठेवून बोलला. पाणीसाठ्याचं कारण दाखवून कोर्टानं टेकडी रिकामी करायचा हुकूम दिला होता. गव्हर्नर म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच. तो म्हणाला, सरकार टिकवायचं तर सही कर, सोबतचा पक्ष पाठिंबा काढतोय. हा नाही म्हणू शकत होता. यानं सही केली. हात इतका थरथरत होता की पहिली सही ओळखूच येईना. कारकुनानं दुसरा कागद आणला आणि दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला. पोलीस आले, यंत्रं आली. दोरीचं दुसरं टोक धरणारा तो वीटभट्टीवाला आपल्या दारात स्टूल टाकून बसला आणि बसल्या जागी गेला. कुणी हात लावला नव्हता, हृदयच थांबलं. पुढच्या निवडणुकीत टेकडीवरून विखुरलेल्या लोकांनी शोधून शोधून त्याला पाडलं. "बरोबर केलं," तो म्हणाला.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची, मावशीकडे पाठवलेली. आईनं तिला सांगितलं की बाबानं सही करायला नकार दिला, म्हणून त्याचं मंत्रिपद गेलं. आई मरेपर्यंत तेच सांगत राहिली. "माझ्यासाठी खोटं बोलली," तो म्हणाला, "आणि मी बोलू दिलं. मुलीला अजून तेच माहीत आहे. रुग्णालयात सगळ्यांना सांगते ती, माझा बाप नाही म्हणाला होता." मग तो वळला. "हे मानपत्रात घालू नका. शाळा घाला, नळ घाला. मला फक्त एकदा पुन्हा अशा टेबलाशी बसायचंय जिथे लोक तक्रार घेऊन येतात. या वेळी मी सही करणार नाही."

मी मान हलवली. वर जाताना जिन्यातच वाक्य तयार झालं.

ते मला अजून पाठ आहे. 'राज्याच्या गृहनिर्माण खात्याची धुरा वाहताना पाणीसाठ्यावरील टेकडीवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेली शेकडो अतिक्रमणे आपण कणखरपणे दूर केलीत. कठोर निर्णय घेताना आपला हात कधी थरथरला नाही.'

कमिटीपुढे मी मसुदा वाचला. या वाक्याला सगळ्यांत मोठी दाद मिळाली. खजिनदार म्हणाला, "असा एक मंत्री आपल्याकडे पाहिजे होता. आमच्या सोसायटीच्या मागची वस्ती, तीस वर्षं कोणी हलवू शकलं नाही." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "डाव्यांमध्येसुद्धा असे खमके असतात म्हणायचे." आम्ही सगळे अशाच घरांतून आलेलो. बुलडोझर आला की आमच्या गॅलरीतून टाळ्या पडतात. माणसं हलवणं हा आमच्यात गुणच. मला हे ठाऊक होतं. कुणी विचारलंच तर मी डोळे मोठे करून म्हणणार होतो, आमच्याकडे ही स्तुती असते हो! आणि ते खोटंही ठरलं नसतं. इतकी बिनधोक बदमाशी मला आयुष्यात पुन्हा सुचली नाही.

जर्मन भाषांतर मी लेकीला करायला दिलं. तिनं हॉलमध्ये ते वाचायचं होतं. मला वाटलं, बरं, तेवढ्या निमित्तानं तिला बापाची भाषा कळेल. ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली, मी शेजारी बसून एकेक वाक्य सोपं करून सांगत होतो. त्या वाक्यापाशी ती थांबली.

"पापा, त्या टेकडीवर लोक राहत होते?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"हो."

"मग त्यांना कुठे पाठवलं?"

"ते मानपत्रात नसतं."

"पण हे चांगलं आहे का? त्याला हे आवडेल?"

"जे लिहिलंय ते लिही," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

गणपतीचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये, भर दुपारी. आरती झाली, मोदक झाले. म्हाताऱ्याला व्यासपीठावर खुर्ची दिली, खजिनदारानं स्वतः त्याला फेटा बांधला. शाल घातली, नारळ हातात दिला. पहिल्या रांगेत त्याची मुलगी, सुटी घेऊन आलेली, फोन उभा धरून रेकॉर्डिंग करत होती. तिच्या मागे तुर्की बाई, न्हावी, रुमानियन, आणि मानहाइमहून आलेले त्याचे चार-पाच देशबांधव. मी मराठीत वाचलं. पल्लेदार आवाजात, योग्य जागी थांबत. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, इतरांनी त्या पाहून वाजवल्या. मग लेक माइकशी आली.

ती छान वाचत होती. दोरी, गाठी, शाळा, नळ. म्हाताऱ्याची मुलगी हसत होती, डोळे पुसत होती, फोन हलू देत नव्हती. मग ते वाक्य आलं. लेकीनं ते त्याच स्वच्छ आवाजात वाचलं.

मी त्याच्याकडे बघत होतो. मला बघायचंच होतं. त्याच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. नारळ त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, तो तसाच राहिला. डोक्यावर आमचा केशरी फेटा. फक्त त्यानं मुलीकडे बघायचं टाळलं, आणि तिला तेवढंच पुरलं. तिनं फोन खाली घेतला. न्हावी, ज्याची गल्लीच्या गल्ली अशीच सपाट झाली होती, त्यानं शेजारणीला काहीतरी विचारलं आणि उठून बाहेर गेला. आमच्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, हे वाक्य त्यांचं आवडतं होतं.

सत्कारमूर्तीनं दोन शब्द बोलायचे असतात. मी स्वतः त्याला माइक नेऊन दिला. तो उभा राहिला. वाटलं, आता म्हणेल की हे चूक आहे, गैरसमज आहे. मी डोळे मोठे करायच्या तयारीत होतो.

"मंडळाचे आभार," तो सावकाश जर्मनमध्ये म्हणाला. "या मुलीनं वाचलं ते सगळं खरं आहे. एकच चूक आहे. माझा हात थरथरला होता."

आणि तो खाली बसला. खजिनदारानं टाळ्या सुरू केल्या, त्याला वाटलं हा विनयानं बोलतोय. माझी लेक अजून माइकच्या बाजूला कागद घेऊन उभी होती. तिनं कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. नेमकं त्या क्षणी तिला कळलं असणार की मला ठाऊक होतं.

जेवणाच्या रांगेत म्हाताऱ्याची मुलगी माझ्यासमोर आली. रडत नव्हती. नर्स जशी रुग्णाचं नाव विचारते तसं तिनं विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुठे वाचलंत?"

इथे माझ्यापुढे एक वाट होती. इंटरनेटवर, म्हणालो असतो. जुन्या पेपरात, चुकीचं असेल. तिला कदाचित पटलं असतं, तिला पटवून घ्यायचंच होतं. मी हातातली भाताची प्लेट खाली ठेवली आणि म्हणालो, "त्यांनीच सांगितलं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

ती "डांके" म्हणाली आणि गेली. बापासाठी थांबली नाही. त्याला फेटा कसा सोडायचा ते माहीत नव्हतं. तो तसाच, फेटा, शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र घेऊन ट्रामच्या स्टॉपवर उभा होता. माझ्या बायकोनं गाडी थांबवली. तो नको म्हणाला.

पुढच्या रविवारी यादीच्या बैठकीला तो आला नाही. दोन ओळींचं पत्र होतं, नाव मागे घेतल्याचं. न्हाव्यानं तसंही सांगितलं होतं की तो माणूस वर असेल तर मी नाही. तुर्की बाई म्हणाली, मग आता कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथल्या निवडणुकीत एका मतदाराला एकाच उमेदवाराला अनेक मतं देता येतात, आमच्या लोकांनी ती सगळी मला दिली. मी निवडून आलो. पाटी मिळाली. माझ्या आडनावातलं एक अक्षर त्यांनी गाळलं होतं, पण मिळाली.

पहिल्या सभेला बायको आली. लेक आली नाही, तिला म्हणे टेस्ट होती.

नाताळच्या आधी म्हाताऱ्याच्या मुलीनं हांबुर्गला नोकरी घेतली. खालच्या बेलवर दोन नावं होती, त्यातलं एक निघालं. त्याच सुमारास पोस्टमननं त्याचं एक पार्सल आमच्याकडे ठेवलं आणि ते द्यायला मला खाली जावं लागलं. त्यानं दार उघडलं, आत या म्हणाला. स्वयंपाकघरात तो जिथे जेवायला बसतो त्याच्या बरोबर समोर, भिंतीवर माझं मानपत्र. मराठी आणि जर्मन, शेजारी शेजारी.

"हे काढून का टाकत नाही?" माझ्या तोंडून निघालं.

"का काढू? खरं आहे," तो म्हणाला. "ती जाताना म्हणाली, तू सही केलीस ते मी कधीतरी माफ करीन. पण तुला ते एका शेजाऱ्याला सांगता आलं आणि मला नाही, हे माफ नाही करणार." मग त्यानं विचारलं, कॉफी घेणार का. मला राग आला. तो मला शिव्या देत नव्हता याचा राग आला. बायराटची सभा आहे, असं खोटंच सांगून मी निघालो, आणि जिना चढताना मला बरं वाटत होतं. लिहायला बरं वाटत नाही, पण बरंच वाटत होतं.

पुढच्या गणपतीत मंडळानं माझा सत्कार ठेवला. मंडळाचा पहिला लोकप्रतिनिधी वगैरे. प्रश्न असा आला की मानपत्र कोण लिहिणार, ते लिहिणाराच तर सत्कारमूर्ती. कमिटीत हशा झाला. आणि माझी लेक, जी वर्षभर माझ्याशी जेवायला बोलवण्यापुरतं बोलत होती, म्हणाली, मी लिहीन. मराठीत लिहीन.

मला खरं वाटेना. ती आईकडून अक्षरं शिकली. जोडाक्षरांपाशी अडायची, वही घेऊन स्वयंपाकघरात उभी राहायची, मी आलो की बंद करायची. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. फोनवर पुण्याला आईला सांगितलं, "अगं, नात मानपत्र लिहितेय माझं." दोघांनी फोनवरच डोळे पुसले. सगळं विसरलं गेलं, असं मी धरून चाललो. पोरंच ती, किती दिवस धरून ठेवणार.

तोच हॉल, तीच दुपार. खजिनदारानं मला फेटा बांधला. शाल, नारळ. लेक साडी नेसली होती. माइकशी आली आणि तिनं तोंड उघडल्यावर हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली, कारण ती खरोखरच मराठीत वाचत होती. अडखळत, ळ आणि ण चुकवत, पण मराठीत. माझ्या बाबांनी चौदा वर्षं लॅबमध्ये काम केलं. माझ्या बाबांनी मंडळासाठी खूप खुर्च्या मागवल्या. माझ्या बाबांनी हीटिंगसाठी सहा ईमेल लिहिले. लोक कौतुकानं हसत होते, अध्यक्षीणबाईंनी रुमाल काढला होता. तिला ईमेल लक्षात होते. ते कुणाच्याच लक्षात नसतील असं मी समजत होतो.

मग तिनं पान उलटलं आणि माझ्याकडे बघून शेवटचं वाक्य वाचलं. हे वाचताना मात्र ती अजिबात अडखळली नाही.

"कठोर निर्णय घेताना माझ्या बाबांचा हात कधी थरथरला नाही."

हॉल उभा राहिला. कुणी शिट्टी मारली. खजिनदार ओरडला, "वा गं पोरी!" तिनं कागद घडी केला, माझ्यापुढे आली आणि खाली वाकून पाया पडली, इथल्या पोरींना जमत नाही इतकं व्यवस्थित. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. मागच्या दाराशी, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत, म्हातारा बसला होता. माझ्या बायकोनं त्याला बोलावलं होतं. त्याला मराठी कळत नव्हतं, तो सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

मग त्यांनी माझ्या हातात माइक दिला, दोन शब्दांसाठी. म्हाताऱ्यानं त्याच जागी उभं राहून एक चूक दुरुस्त केली होती. मी सांगू शकत होतो, काय झालं ते. तो समोर होता, लेक बाजूला होती. मी नारळ डाव्या हातात घेतला, उजव्या हातात माइक धरला, आणि मंडळाचे, कमिटीचे, हॉल दिल्याबद्दल चर्चचे आभार मानले. बोलताना माझी नजर माइक धरलेल्या हातावर गेली. तो अगदी स्थिर होता. पोरीनं बरोबर लिहिलं होतं.